पाण्यातला धातू सेन्सरला किती दिसतो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पिण्याच्या पाण्यातले शिसे, आर्सेनिक, पारा, तांबे असे धातू ओळखणाऱ्या बायोसेन्सरविषयी बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे इथे देत आहोत. काही उत्तरे लांबली आहेत. कारण त्या ठिकाणी चूक झाली, तर दूषित पाण्यालाही ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का बसतो.

आमच्याकडे टीडीएस मीटर आहे. बोअरच्या पाण्याचा आकडा ३०० च्या आसपास येतो. विक्रेता म्हणतो, पाणी उत्तम आहे. मग धातूंसाठी वेगळा सेन्सर कशाला? (गृहिणी, सोलापूर)

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. ३०० म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. मीटरवरचा आकडा ३०० चा ३०१ झाला, तर तेवढ्या एका अंकात शिशाची मर्यादा शंभर वेळा मावते. त्यामुळे या मीटरला शिसे दिसणे शक्यच नाही. आर्सेनिकची मर्यादाही ०.०१, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. यातल्या एकाही धातूने या पातळीला पाण्याची चव, रंग किंवा वास बदलत नाही.

बायोसेन्सरमध्ये दोन भाग असतात. एक जैविक घटक नेमका एखादा धातू ओळखतो. तो जिवंत जिवाणू असेल, एखादे एन्झाइम असेल किंवा डीएनएचा तुकडा असेल. दुसरा भाग ती ओळख आपल्याला कळेल अशा खुणेत बदलतो: रंग, प्रकाश किंवा विजेचा प्रवाह. क्षारांच्या एवढ्या गर्दीतून एकच धातू वेचून काढण्याची ताकद पहिल्या भागात असते, म्हणून ही सगळी खटपट.

जिवाणू आर्सेनिक ‘ओळखतात’ म्हणजे काय करतात? आमच्या जिल्ह्याला लागून छत्तीसगडमधल्या कौडीकसा, अंबागड चौकी भागात हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले आहे. गावपातळीवर अशी चाचणी करता येईल का? (सामाजिक कार्यकर्ता, गडचिरोली)

आर्सेनिक जिवाणूंसाठीही विष आहे, म्हणून त्यांच्याकडे ते बाहेर फेकणारा पंप असतो. पण पंप सतत चालवणे परवडत नाही. ई. कोलाय या जिवाणूत आर्सआर नावाचे प्रथिन पंपाच्या जनुकापुढे कुलपासारखे बसलेले असते. आर्सेनिक आत आले की ते या प्रथिनाला चिकटते, प्रथिनाचा आकार बदलतो, ते डीएनएवरून सुटते आणि जनुक चालू होते. संशोधकांनी या कुलपामागे पंपाच्या जनुकाबरोबर किंवा त्याच्या जागी खबऱ्या जनुक बसवले. कुठे प्रकाश देणारे, कुठे हिरवे चमकणारे प्रथिन बनवणारे, कुठे रंग आणणारे. जेवढे आर्सेनिक जास्त, तेवढा प्रकाश जास्त. अर्थात हे एका ठरावीक मर्यादेपर्यंतच खरे आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

या पद्धतीची मोठी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली. लाल नदी आणि मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशांतले १९४ भूजल-नमुने जिवाणूंनी तपासले आणि निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपर्यंतचे आर्सेनिक पकडता आले. १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅमच्या मर्यादेचीच रेघ धरली, तर दूषित असून सुटलेले नमुने ८ टक्के आणि चांगले असून अडकलेले २.४ टक्के होते. हातपंपाजवळ वापरतात त्या रासायनिक किटपेक्षा हे खूप बरे. शिवाय त्या किटमध्ये आर्सेनिकचा अर्साइन हा विषारी वायू तयार करून पाऱ्याचा क्षार लावलेल्या कागदावर डाग पाडतात. वापरलेल्या कागदांच्या विल्हेवाटीचा प्रश्न तिथे उरतोच.

चाचणीची रीत सरळ आहे. गोठवून सुकवलेल्या जिवाणूंच्या कुपीत १ मिली पाणी घालायचे, ३० अंश सेल्सियसला एक ते दोन तास ठेवायचे आणि प्रकाशमापकात आकडा वाचायचा. सोबत ०, ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम आर्सेनाइट (आर्सेनिकचे एक रूप) असलेले प्रमाणित नमुने त्याच वेळी, त्याच खोक्यात ठेवायचे. प्रत्येकाच्या तीन-तीन कुप्या. कालचा आलेख आज वापरायचा नाही.

चुका मात्र बऱ्याच ठिकाणी होतात.

सगळ्यात मोठी चूक लोहामुळे होते. जमिनीखाली हवा नसते, त्यामुळे लोह विरघळलेले असते आणि उपसलेले पाणी नितळ दिसते. बाटलीत अर्धा तास ठेवले की ते पिवळसर होते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. या गाळावर आर्सेनिक चिकटून बसते. वरचे नितळ पाणी जिवाणूंना दिले की सेन्सर खुशाल ‘सुरक्षित’ म्हणतो आणि विष बाटलीच्या तळाशी राहते. गावातले लोक मात्र तेच पाणी हंड्यातून ढवळून, गाळासकट पीत असतात. व्हिएतनाममध्ये यावर उपाय म्हणून नमुना घेतानाच नायट्रिक आम्लाने पीएच २ वर आणला, म्हणजे गाळ बनत नाही. मग चाचणीआधी पायरोफॉस्फेट घालून पीएच ७ केला, कारण आम्लात जिवाणू मरतात आणि नुसत्या अल्कलीने लोह पुन्हा गाळ होऊन बसते. पायरोफॉस्फेट लोहाला धरून ठेवते. लोहाचे पाणी असेल, तर ही पायरी गाळून चालणार नाही.

दुसरी अडचण तापमानाची. प्रकाश देणारे जनुक व्हिब्रिओ फिशेरी या समुद्री जिवाणूचे असेल, तर त्याचे एन्झाइम ३० अंशांच्या वर बिघडू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ही चाचणी केली, तर सगळेच आकडे पडतील. मोजणी बाहेर करायची असेल तर थर्माकोलच्या खोक्यात गार पाण्याची बाटली आणि थर्मामीटर ठेवून ३० अंश सांभाळा, नाहीतर फोटोऱ्हॅब्डस या जिवाणूचे, उष्णता सहन करणारे जनुक असलेली जात मागवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जिवाणूंना मारते आणि प्रकाश न आल्याने पाणी शुद्ध असल्याचा भास होतो. १२० मिली पाण्यात ३ टक्के सोडियम थायोसल्फेटचे ०.१ मिली द्रावण घातले की नेहमीचे क्लोरीन निष्प्रभ होते. आर्सेनिकसाठी हे चालते. पाऱ्यासाठी चालत नाही, कारण थायोसल्फेट पाऱ्यालाच घट्ट धरते आणि सेन्सरच्या वाट्याला काही उरत नाही.

आर्सेनिकचे दोन अवतार असतात. आर्सेनाइट सहज पेशीत शिरते. आर्सेनेट फॉस्फेटच्या दारातून शिरते, म्हणून पाण्यात किंवा जिवाणूंच्या खाद्यात फॉस्फेट भरपूर असेल तर आर्सेनेट बाहेरच राहते आणि आकडा कमी येतो. आणि आर्सेनिक खूपच जास्त असेल, तर जिवाणू त्याच विषाने मरगळतात व प्रकाश उलट घटतो. म्हणजे २००० मायक्रोग्रॅमचे पाणी २० सारखे दिसू शकते. म्हणून प्रत्येक नव्या स्रोताचे पाणी एकदा जसेच्या तसे आणि एकदा दहापट पातळ करून तपासा. पातळ केल्यावर आकडा वाढला, तर ते पाणी त्याच दिवशी बंद करायला सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. हे जिवाणू जनुकीय बदल केलेले आहेत. आपल्याकडे त्यांना पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि परवानगी नसताना ते गावात नेऊन वापरता येत नाहीत. तुम्ही आज करू शकता ते असे: वर सांगितल्याप्रमाणे आम्ल घातलेले नमुने प्रत्येक हातपंपाचे वेगळे घ्या, पंपावर रंगाने क्रमांक टाका आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवा. शेजारच्या दोन पंपांमध्येही खोलीप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एका पंपावरून गावाचा निकाल लावू नका.

शिशासाठी डीएनएझाइमचा सेन्सर प्रकल्प म्हणून केला आहे. शुद्ध पाण्यात आलेख सुरेख येतो. पण विहिरीच्या पाण्यात आमचा आकडा ६ मायक्रोग्रॅम येतो आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतला आयसीपी-एमएस यंत्राचा १२. कोणाचे खरे? (एमएस्सी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आयसीपी-एमएसमध्ये आम्ल घातलेला नमुना जातो आणि ज्वालेपेक्षा कितीतरी तप्त प्लाझ्मात प्रत्येक रेणू फुटतो. कार्बोनेटशी जोडलेले, मातीच्या कणावर बसलेले, सेंद्रिय आम्लाने धरलेले, सगळे शिसे तिथे मोजले जाते. तुमच्या डीएनएला फक्त मोकळे किंवा सैल धरलेले शिसे भेटते. पिणाऱ्याच्या पोटातल्या आम्लात मात्र बरेचसे बांधलेले शिसेही सुटते. त्यामुळे पाणी पिण्यायोग्य आहे का, एवढाच प्रश्न असेल तर १२ हा आकडा धरा.

तरीही तुमचा सेन्सर टाकाऊ ठरत नाही. तफावत कुठून येते ते शोधून काढता येते. आधी वाचकांसाठी दोन ओळी: डीएनएझाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारा डीएनए. यातला जीआर-५ हा १९९४ मध्ये सापडला आणि तो शिशासाठीच काम करतो. त्याच्या जोडीदार धाग्यात एकच आरएनएचा दुवा मुद्दाम बसवलेला असतो. शिसे मिळाले की डीएनएझाइम तो दुवा कापतो. धाग्याच्या टोकाला चमकणारा फ्लुरोसीन असतो आणि त्याची चमक दाबणारा रेणू शेजारच्या धाग्यावर. धागा कापला गेला की तुकडा सुटून दूर जातो आणि चमक वाढते. ८-१७ हा दुसरा डीएनएझाइम अनेक ठिकाणी वापरतात, पण तो जस्तालाही दाद देतो. आपल्याकडे जस्ताच्या मुलाम्याचे पाइप घरोघरी आहेत. तुम्ही ८-१७ वापरत असाल तर आधी तो बदला.

आता क्रमाने बघा. जोडणीसाठी चमकणारा धागा १ मायक्रोमोलर आणि डीएनएझाइमचा धागा १.५ मायक्रोमोलर घ्या. दुसरा थोडा जास्त, म्हणजे एकही चमकणारा धागा एकटा राहत नाही. ५० मिलिमोलर हेपेस बफर, पीएच ७.२, त्यात १०० मिलिमोलर सोडियम नायट्रेट. फॉस्फेट बफर अजिबात नको, त्यात शिसे गाळ होऊन बसते. ९० अंशांना दोन मिनिटे, मग हळूहळू अर्ध्या तासात खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एकदम बर्फात टाकले तर धागे वेडेवाकडे जुळतात आणि ब्लँकच, म्हणजे शिसे नसलेला नमुनाच चमकतो. चाचणीत ५० मायक्रोलिटर सेन्सर आणि ५० मायक्रोलिटर पाणी. उत्तेजन ४९० नॅनोमीटर, वाचन ५२० नॅनोमीटर. शेवटची चमक न धरता पहिल्या तीन मिनिटांचा चढ मोजा. शेवटची चमक जवळजवळ सगळ्याच नमुन्यांत कधीतरी सारखी होते.

शिशाचे १० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर, आणि नमुना निम्मा झाल्यावर कुपीत २४. इतक्या पातळ द्रावणात शिसे काचेच्या भिंतीला चिकटते. मूळ प्रमाणित द्रावण २ टक्के नायट्रिक आम्लात ठेवा आणि मायक्रोग्रॅमचे द्रावण त्याच दिवशी प्लास्टिकच्या नळीत बनवा. मात्र सेन्सरमध्ये जाताना आम्ल उरू देऊ नका, पीएच ६ खाली गेला की हा डीएनए मंदावतो आणि फ्लुरोसीनही फिका पडतो. हातमोजे घाला. हाताच्या घामातली आरएनए तोडणारी एन्झाइमे तो एकमेव दुवा शिशाविनाच कापतात. ब्लँक दर आठवड्याला थोडा थोडा वर सरकत असेल, तर कारण बहुतेक हेच असते. धागे लहान लहान कुप्यांत उणे २० अंशांना ठेवा. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

यानंतर खरी परीक्षा ओळखीच्या भरीची, जिला प्रयोगशाळेत स्पाइक म्हणतात. विहिरीचे ९.९ मिली पाणी घ्या, त्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिशाचे ०.१ मिली द्रावण घाला. ही झाली बरोबर १० मायक्रोग्रॅमची भर. ते आम्लयुक्त द्रावण असते, म्हणून पीएच तपासून घ्या. सेन्सर आधी ६ म्हणत होता, आता १६ म्हणायला हवा. तो ११ म्हणाला, तर तुमच्या १० पैकी ५ च त्याला दिसले. म्हणजे हे पाणी सेन्सरचा आवाज निम्मा करते आहे, आणि आधीचे ६ हे खरे १२ च्या जवळपासचे होते. तुमचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा इथे जुळतो. भर ८० ते १२० टक्के परत मिळाली तर आकड्यावर विश्वास ठेवा. त्याबाहेर असेल तर तो आकडा कुणाला सांगू नका, आधी कारण काढा.

मराठवाड्यातल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी कठीण असते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम डीएनएचे धागे जास्त घट्ट जुळवते, त्यामुळे कापलेला तुकडा लवकर सुटत नाही आणि चढ मंद दिसतो. बायकार्बोनेट शिशाला धरते ते वेगळे. उपाय दोन. एक, आलेखच कठीण पाण्यात बनवा: तुमच्या विहिरीएवढे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घातलेल्या शुद्ध पाण्यात. दोन, भर घालूनही सगळी परत मिळते पण मूळ आकडा कमीच आहे, असे आढळले, तर शिसे कणांमध्ये आहे असे समजा. अशा वेळी दुसऱ्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ खाली आणा, निदान १६ तास ठेवा, मग शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणून लगेच मोजा. ब्लँकलाही तेवढेच आम्ल आणि तेवढीच अल्कली घाला, नाहीतर रसायनातलेच शिसे विहिरीच्या नावावर जाईल.

अहवालात सेन्सरचा आकडा ‘एकूण शिसे’ म्हणून लिहू नका. ‘सेन्सरला उपलब्ध शिसे’ लिहा आणि शेजारच्या रकान्यात स्पाइकची टक्केवारी द्या. परीक्षकांनी विचारले नाही तरी द्या.

शाळेत नववी-दहावीच्या मुलांना बायोसेन्सर दाखवायचा आहे. शिसे-पारा मुलांच्या हातात द्यायचे नाही. काही सोपे सुचवाल का? (विज्ञानशिक्षिका, लातूर)

तुमच्याच भागातल्या सोयाबीनने होईल. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे एन्झाइम भरपूर असते. ते युरिया फोडून अमोनिया करते. पारा, चांदी, तांबे हे धातू या एन्झाइमला जखडतात. तुरीच्या दाण्यातल्या युरिएजवर तर पाऱ्याचे बायोसेन्सर भारतातच तयार झाले आहेत. मुलांसाठी धातू म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार घ्या.

कच्चे, न भाजलेले सोयाबीन दळून ५ ग्रॅम पीठ १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पंधरा मिनिटे ढवळा, पातळ सुती कापडातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा. बाजारातल्या सोया वड्या चालणार नाहीत, उष्णतेने त्यातले एन्झाइम मेलेले असते. दुसरीकडे २ टक्के युरियाच्या द्रावणात फिनॉल रेड (पीएचप्रमाणे पिवळ्याचा गुलाबी होणारा दर्शक) घालून ते पिवळे राहील एवढा पीएच ठेवा. खताचा युरिया नको, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. परीक्षानळीत २ मिली अर्क आणि २ मिली तपासायचे पाणी घ्या, दहा मिनिटे थांबा, मग ४ मिली युरिया घालून घड्याळ लावा. गुलाबी व्हायला लागलेली मिनिटे लिहा. डिस्टिल्ड पाण्याची नळी तीन ते पाच मिनिटांत गुलाबी व्हावी. लगेच झाली तर अर्क पातळ करा, कारण एन्झाइम गरजेपेक्षा जास्त असेल तर थोडे जखडले गेल्याचे कळतच नाही. हीच गोष्ट सगळ्यांच्या हातून सुटते आणि मग ‘प्रयोग चालत नाही’ असे वाटते.

१ ग्रॅम मोरचूद लिटरभर पाण्यात विरघळवले की त्यात सुमारे २५५ मिलिग्रॅम तांबे असते. त्यातले ४ मिली घेऊन पुन्हा लिटर केले की झाले जवळपास १ मिलिग्रॅम प्रतिलिटर. मुलांना १, ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या नळ्या करू द्या. कच्च्या अर्कातली इतर प्रथिनेही तांबे धरतात, म्हणून १ मिलिग्रॅमच्या नळीत फरक अगदीच किरकोळ दिसेल किंवा दिसणार नाही. तोही निकालच आहे, वहीत लिहायला लावा.

मग बोअरचे पाणी आणायला सांगा. त्या नळीत बहुधा युरिया घालता घालताच गुलाबी रंग येईल, कारण बोअरच्या पाण्याचा पीएचच मुळात ८ च्या आसपास असू शकतो. मुले म्हणतील, धातू अजिबात नाही. तिथेच थांबवून कारण विचारा. व्हिनेगरचे थेंब घालून पाणी पिवळ्या रंगावर आणा, त्याच पाण्याच्या दुसऱ्या नळीत मोरचुदाची भर घाला आणि दोन्हींची तुलना करा. मोरचुदाचे पाणी प्यायचे नाही, शेतातल्या ओढ्यात ओतायचे नाही आणि प्रयोगानंतर हात धुवायचे, हे फळ्यावर लिहून ठेवा.

रात्री तांब्याच्या तांब्यात ठेवलेले पाणी सकाळी पितो. त्यात तांबे किती उतरते हे सेन्सरने कळेल का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

कळेल, पण इतक्या सूक्ष्म साधनाची गरज नाही. तांब्याची मान्य मर्यादा ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची १.५ मिलिग्रॅम आहे. मिलिग्रॅमच्या पातळीसाठी साधी रंगपट्टी पुरते. साधे पाणी ठेवण्यास हरकत नाही. ताक, लिंबाचे सरबत, चिंचेचे काही त्या भांड्यात ठेवू नका. तांब्यापेक्षा काळजी करण्यासारखी गोष्ट कल्हईची. कथिलात शिशाची भेसळ असेल तर आंबट पदार्थात शिसे उतरते आणि तिथे मात्र मायक्रोग्रॅमचा हिशेब लागतो. कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या.

एवढे सगळे संशोधन आहे, मग औषधाच्या दुकानात गर्भचाचणीच्या पट्टीसारखी धातूची पट्टी का मिळत नाही? घरच्या ग्लुकोमीटरवर शिसे मोजता येते असे वाचले, ते खरे का? (वाचक, रत्नागिरी)

ग्लुकोमीटरची गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०११ मध्ये ही युक्ती दाखवली गेली, तेव्हा तपासलेल्या पदार्थांत युरेनियम होते. पुढे शिशासाठीही तसे केले. चुंबकीय कणांवर डीएनए, त्याला लटकवलेले इन्व्हर्टेज एन्झाइम. धातूच्या उपस्थितीत एन्झाइम सुटते. चुंबकाने कण बाजूला धरून उरलेले पाणी साखरेच्या द्रावणात घालायचे. इन्व्हर्टेज साखर फोडून ग्लुकोज करते आणि ते मीटर वाचतो. मीटर घरचा असला तरी डीएनए लावलेले कण घरचे नसतात, अडचण तिथे आहे.

जिवंत जिवाणू टाळायचे असतील तर पेशीविना चालणारे सेन्सर आहेत. २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून ‘रोझालिंड’ नावाची रचना आली. त्यात धातू ओळखणारे प्रथिन, डीएनए आणि आरएनए बनवणारे एन्झाइम एका छोट्या नळीत गोठवून सुकवलेले असते. पाण्याचा थेंब घातला की नळी चमकते. सोडून द्यायला जिवंत काही नसल्याने नियमांचा प्रश्नही हलका होतो.

पट्टी दुकानात न येण्याचे मोठे कारण तुमच्याच जिल्ह्यात जुलैमध्ये अनुभवता येईल. सुकवलेला सेन्सर म्हणजे पिठीसाखरेसारखा हलका, पांढरा गोळा. दमट हवेत पाकीट दोन मिनिटे उघडे राहिले तर तो आक्रसतो, चिकट आणि पारदर्शक होतो. पाणी घातल्यावर तो विरघळतो, सगळे ठीक वाटते, पण चमक येत नाही. गर्भचाचणीच्या पट्टीत दुसरी रेघ असते, ती न उमटल्यास पट्टी बाद. धातूच्या प्रत्येक पाकिटात तशीच सोय हवी: एक कोरी नळी आणि एक मुद्दाम धातू घातलेली नळी. दुसरी चमकली नाही तर निकाल वाचायचाच नाही. अशी जोड-नळी नसलेले कुठलेही किट कोणी विकत असेल तर घेऊ नका. पाकिटातली सिलिका निळ्याची गुलाबी किंवा केशरीची हिरवट झाली असेल तर तेही परत करा.

उकळून किंवा आरओने धातू जातात का? (बरीच पत्रे)

उकळून जात नाहीत, पाणी आटते आणि धातू दाट होतो. आरओच्या पडद्यातून शिसे, कॅडमियम बऱ्यापैकी अडते. आर्सेनेट चांगले अडते, आर्सेनाइट त्यामानाने कमी.

आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. नळाच्या पाण्यातले शिसे तपासायला नमुना कसा घ्यावा? बाटली कोणती? (सोसायटीच्या सचिव, दादर)

बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, नवी. प्रयोगशाळा आम्लाने धुतलेली बाटली देत असेल तर तीच मागा. मिनरल वॉटरची वापरलेली बाटली नको.

दोन नमुने लागतात. पहिला पहाटेचा: रात्रभर, निदान सहा तास, त्या नळातून पाणी काढलेले नसावे आणि नळ उघडताच पहिले १ लिटर बाटलीत घ्यावे, खाली सांडू न देता. पितळी नळात आणि जोडात थोडे शिसे असते, जुन्या पीव्हीसी पाइपमध्ये शिशाचे स्टॅबिलायझर असू शकते, ते रात्रभरात पाण्यात उतरते. पाइपमधल्या शिशाला आळा घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणले, तुमचे पाइप त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. दुसरा नमुना पाच मिनिटे पाणी सोडल्यानंतरचा. पहिला वाईट आणि दुसरा चांगला आला, तर शिसे तुमच्या घरातल्या नळाचे किंवा जोडाचे. दोन्ही वाईट आले, तर गच्चीची टाकी आणि उभा पाइप तपासा. नळाच्या तोंडाची जाळी आधी काढू नका. तिच्यात अडकलेले कण रोज तुमच्या पाण्यात येतच असतात, नमुन्यातही येऊ द्या.

बाटली कोण तपासणार त्याप्रमाणे पुढचे ठरते. आयसीपी-एमएससाठी प्रयोगशाळा नायट्रिक आम्ल घालते, ते घरी हाताळू नका, त्याच दिवशी बाटली पोहोचवा. बायोसेन्सरसाठी तेच पाणी दुसऱ्या बाटलीत, आम्ल न घालता, थंड पिशवीत न्या. देण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की त्यांच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे मंडळ) मान्यतेच्या यादीत ‘पिण्याच्या पाण्यातील शिसे’ आहे का, आणि त्यांची मोजण्याची किमान पातळी किती. यंत्र लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपासूनच वाचत असेल तर अहवालात ‘आढळले नाही’ असे येईल, आणि मर्यादेच्या चौपट शिसे असले तरी तेच येईल. ०.००५ किंवा त्याहून खाली वाचणारी प्रयोगशाळा शोधा. जलजीवन मिशनखालच्या सरकारी प्रयोगशाळा लोकांसाठी माफक शुल्कात खुल्या आहेत, पण गावोगावी फिरणाऱ्या त्यांच्या किटमध्ये शिसे, आर्सेनिकसारखे धातू सहसा नसतात. किटवर ‘योग्य’ लिहून आले म्हणून शिशाचा नमुना रद्द करू नका.

बाटलीवर नळ कुठल्या मजल्यावरचा, पहिले पाणी की पाच मिनिटांनंतरचे, शेवटचा नळ किती वाजता बंद केला होता, हे तिथेच, बाटली भरतानाच लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्या दोन बाटल्या हमखास अदलाबदल होतात.